दुसऱ्या खेपेला घर

मेंबरीणबाईंना कोणालाही दारातून निरोप देणं जमत नसे. त्यांच्याकडून कोणी निघालं की त्याही पायात चपला अडकवत आणि म्हणत, "चाल, मी येऊन राहिली संग." मग समोरचा माणूस नागपुरातल्या महाल भागातला असो की पार इंदोऱ्याचा, बाई त्याला त्याच्या घरापर्यंत पोचवून परत येत. एकदा एक मोठे अधिकारी त्यांच्या वस्तीतल्या नळाची तक्रार बघायला आले होते. जाताना बाई त्यांच्याबरोबर चालत निघाल्या. बाई पायी, म्हणून साहेबही पायी, आणि मोटार मागून रांगत येत होती. प्रत्येक चौकात साहेब मोटारीकडे आशेनं बघायचे आणि प्रत्येक चौकात बाई त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. सिव्हिल लाइन्सपर्यंत साहेबांचे स्वतःचेच गुडघे बोलायला लागले. नळ मात्र लवकर आला.

"बाजारात माणूस अर्धाच दिसते गा," बाई सांगत. "बाकीचा घरी असते."

त्या आमच्या भागातून कार्पोरेशनवर निवडून आल्या होत्या. यजमान सेक्रेटरिएटात नोकरीला, अतिशय शांत गृहस्थ. घरातलं सगळं बोलणं बायकोकडे सोपवून ते वर्तमानपत्रामागे सुखानं राहत. बाईंचं माहेर काटोलचं. संत्र्याच्या बागेत या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची लहानपणापासून सवय, त्यामुळे सभागृहात त्यांना कधी भोंगा लागला नाही. सासर शुद्ध बोलणाऱ्यांचं होतं, पण बाईंनी आपली काटोलची बोली लग्नातल्या भांड्यांसारखी जपून ठेवली होती आणि रोज वापरात काढली होती.

मी तेव्हा इतवारीतल्या कापड दुकानदारांच्या मंडळात कारकून होतो. आम्ही जातीचे कोष्टी. वडिलांचा माग होता, आई कांड्या भरायची, आणि आमच्या सगळ्या भावकीत बी.ए. झालेला पहिला माणूस मी. ही गोष्ट मी स्वतःहून सांगत असे, आजही सांगतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे? बाईंना तर ती माझ्यापेक्षा जास्त सांगायला आवडायची. भर रस्त्यात कोणालाही थांबवून म्हणायच्या, "हा पोरगा पाह्यला का? बापाचा माग हाय, अन् हा बी.ए. हाय." ऐकणाऱ्याचा भाजीच्या पिशवीचा हात अवघडून जायचा, पण मला पूर्ण दाखवल्याशिवाय बाई त्याला सोडत नसत. हाकसुद्धा त्या मला "काय गा बी.ए." अशीच मारत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आता इतवारीतल्या चोऱ्यांचं सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

कापडाच्या गल्लीत तेव्हा दुकानाची इज्जत ढिगावर ठरत असे. गिऱ्हाईक गादीवर बसलं की नोकर एकामागून एक लुगडी उलगडून समोर टाकत. घडी घालून परत ठेवणं म्हणजे कंजूषपणा. ढीग गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापर्यंत आला की दुकान बरं, छातीपर्यंत आला की दुकान मोठं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष हिरालालशेठ यांच्या दुकानात लगनसराईत असे ढीग लागायचे की पलीकडचा नोकर फक्त आवाजावरून ओळखावा. अशा ढिगाखालून एखादा खण किंवा चोळीचा तुकडा नऊवारीच्या ओच्यात सरकवायला किती वेळ लागणार?

चोर सापडलाच तर पद्धत ठरलेली. चार शिव्या, एखादी थप्पड, चोराचं रडणं, मालकाचं "जा, पुन्हा दिसशील तर बघ". पोलिसांत कोणी जात नसे, कारण ऐन हंगामात कचेरीच्या पायऱ्या कोण झिजवणार? आणि शेजारच्या दुकानदाराला तर मुळीच सांगायचं नाही. आपल्या दुकानात चोरी झाली हे शेजाऱ्याला कळणं चोरीपेक्षा वाईट. त्यामुळे तीच बाई या दुकानात पहिल्यांदा रडायची, पुढच्या गल्लीतही पहिल्यांदाच रडायची, आणि प्रत्येक शेठला वाटायचं की आपण हिला सुधारलं.

हे सगळं फुटलं ते मंडळाच्या एका बैठकीत. चहा पिता पिता एकानं एका रडणाऱ्या बाईचं वर्णन केलं आणि बाकीच्यांच्या बश्या हातातच राहिल्या. तीच उंच बांध्याची, गोंदलेल्या हनुवटीची बाई जवळजवळ प्रत्येकाकडे रडून गेली होती. हिरालालशेठ तापले. त्यांनी ठराव मांडला की सापडलेल्या चोरांचे फोटो काढून चौकात मोठी पाटी लावावी. जागा कार्पोरेशननं द्यावी, काच मंडळ बसवेल. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी तो मन लावून लिहिला. 'ज्या व्यक्तीजवळ चोरीचा माल आढळेल तिचे छायाचित्र' वगैरे. भाषा अशी घोटीव की हिरालालशेठनी तो दोनदा वाचून घेतला.

जागेसाठी मेंबरीणबाईंची शिफारस हवी होती. त्या मंडळात आल्या, गादीवर बसल्या, मसुदा ऐकला.

"लिहिलं सुंदर हाय," त्या म्हणाल्या. "पण फोटो लावल्यावर ते बाई काय करन?"

"शरम से मरेगी!" हिरालालशेठ म्हणाले. "पुन्हा येणार नाही."

"इथं येनार नाही. सीताबर्डीले जाईन. अन् तिले आता कामावर कोन ठेवन? तुम्ही ठेवान? मंग तिनं चोरीशिवाय करावं काय, तेही लिहा त्या पाटीवर."

"तो आप बताओ बाई, क्या करना? आरती ओवाळायची?"

बाईंनी मग आपली योजना सांगितली. पहिल्या खेपेला सापडला तर माल परत घ्या, चहा पाजा, नाव विचारा, आणि ते नाव साऱ्या गल्लीला कळवा. लाजू नका, चोरी सगळ्यांकडेच होते. बाईमाणसाची झडती कोणी घ्यायची नाही, मारायचं तर नाहीच. दुसऱ्या खेपेला सापडला तर त्याला त्याच्या घरी पोचवायला जायचं. स्वतः बाई आणि ज्याच्या दुकानात चोरी झाली तो मालक, दोघांनी. तिसऱ्या खेपेला पोलीस.

"म्हणजे चोराला मी घरी सोडायला जाऊ?" शेठांचा आवाज चढला. "दुकान टाकून?"

"हो. अन् घरी गेल्यावर चोरीचा एक शब्द काढायचा नाही."

सगळे इतके हसले की बाहेरचा हमाल आत डोकावला. पण शिफारस हवी होती. शेवटी ठरलं की लगनसराई संपेपर्यंत बाईंचं चालवून बघायचं. फसलं तर पाटी, आणि शिफारस बाईंनीच करायची.

दुसऱ्या खेपेची पहिली पाळी आली ती धरमपेठेतल्या एका सूनबाईंची. टांगा बाहेर उभा, हातात सोन्याच्या पाटल्या, आणि पदराखाली रेशमी पोलक्याचं कापड. पोलिसांचं नाव काढलं तेव्हा त्या ताठ होत्या. घरी पोचवायचं म्हटल्यावर मात्र त्यांचं पाणी झालं.

"तुम्ही जमादाराला बोलवा, पण घरी नका येऊ."

"सासू हाय ना घरी? मंग चाला. मले ओळख करून घ्यायची हाय."

बाई, तो दुकानदार आणि मी अशी वरात टांग्यातून धरमपेठेत उतरली. बाई त्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईची अन् आमची बाजारात ओळख झाली. म्हटलं घर पाहून येऊ." बस्स. मग लोणच्यावर बोलणं झालं, उन्हाळ्यावर झालं. सूनबाईंनी चिवडा दिला तो मान खाली घालून. त्यानंतर त्या इतवारीत आल्या तरी ढिगापासून हातभर लांब बसायच्या.

परतताना मी विचारलं, "यानं काय साधलं?"

"ते घर मले ठाऊक झालं. अन् मले ठाऊक झालं, हे तिले ठाऊक झालं. पुरे."

मला ते तेव्हा पटलं नाही, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. बाईंना त्याचा राग आला नाही. म्हणाल्या, "तू बी.ए. हायेस, तुले टाइम लागन."

आता ती गोंदलेल्या हनुवटीची बाई. नाव यशोदा. पहिल्या खेपेचा चहा ती आधीच पिऊन गेली होती. दुसऱ्या खेपेला ती नेमकी हिरालालशेठांच्या ढिगाशी सापडली. सापडली म्हणजे काय, नोकर शपथेवर सांगत होता की हिनं खण ओच्यात सरकवला, आणि ती म्हणत होती की माझ्यापाशी काही नाही. झडती तर घ्यायची नव्हती. बाई आल्या आणि म्हणाल्या, "हाय का नाही ते राहू द्या. घरी चाला."

यशोदेचं घर मिलच्या बाजूला, चाळीत. नवरा मिलमध्ये बदलीवर, म्हणजे काम लागलं तर लागलं. खोलीत एका खाटेवर म्हातारी सासू, आणि दाराशी यशोदेची पोरगी. तिचं लग्न उमरेडला ठरलं होतं, येत्या पंधरवड्यात. आम्ही आत बसतो न बसतो तोच दारात शेजारणींची गर्दी. मेंबरीणबाई आमच्या चाळीत! आणि संग इतवारीचे शेठ!

सासू खाटेवरून हरखली. "यशोदे, पाहून काय राहिली वं? मेंबरीणबाई पह्यल्यांदा घरी आली. ओटी भर!"

यशोदा जागची हलेना. "खण नाही घरात," ती पुटपुटली.

"नाही कसा? आज खण आनायलेच तं गेली होती बाजारात! नवाच दे. देनं तं चांगलं द्याव."

सगळी चाळ बघत होती. यशोदा आत गेली. बाहेर आली तेव्हा सुपलीत गहू, सुपारी आणि वर अंजिरी रंगाचा, पिवळ्या काठाचा खण. तो अंजिरी रंग त्या हंगामात साऱ्या इतवारीत फक्त एका दुकानात आला होता. त्या दुकानाचे मालक माझ्या शेजारी चहाचा घोट घेत होते. तो घोट त्यांच्या नाकातून आला.

"ये तो…" ते अर्धे उठले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी पदर पसरला. यशोदेनं नजर न उचलता कुंकू लावलं, ते नाकावर सांडलं. ओटी भरून झाली. म्हातारी शेठांकडे वळली. "भाऊ, तुमीही लग्नाले या. आमच्याकडं कापडाची पारख असनारं कोनी नाही. मांडवात एक तरी शाना मानूस पाह्यजे." शेठांचं तोंड उघडं होतं, त्यातून फक्त "हो" निघालं.

रस्त्यात मात्र ते फुटले. "बाई, माल मेरा, ओटी आपकी! हा काय न्याय आहे?"

"ओटीतला खण परत देता येत नाही शेठ. तुमच्या घरच्या बाईले विचारा."

"पण पुरावा होता! तुमच्या पदरात घेतला तुम्ही!"

"घेतला खरा."

दुसऱ्या दिवशी गल्लीला हसायला विषय मिळाला. कोणी म्हणे, मेंबरीणबाईंनी योजना काढली ती खणासाठी. कोणी म्हणे, पुढची चोरी पैठणीची असावी, म्हणजे बाईंची ओटी आणखी भारी. आणि बाईंनी काय केलं असेल? त्या खणाची चोळी शिवली आणि तीच घालून इतवारीतून चालत गेल्या. त्यांच्या मते ओटीचा खण पेटीत टाकणं हा देणारीचा अपमान. हसणाऱ्यांचं हसणं थांबलं आणि चिडणं सुरू झालं. मंडळाची बैठक बोलावली गेली. पाटीचा ठराव पुन्हा पुढे आला, आणि पहिला फोटो यशोदेचा, हेही ठरल्यासारखं होतं. उमरेडचे लोक लग्नाचं कापड घ्यायला इतवारीतच येणार, त्याच चौकातून. पाटी लागली की ते लग्न मोडणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता. बैठकीच्या आदल्या सकाळी यशोदेची पोरगी बाईंच्या ओसरीवर येऊन बसली होती. बाईंनी तिला जेवू घातलं आणि अर्थातच घरी पोचवून आल्या.

बैठकीला बाई आल्या त्या अंजिरी चोळी घालूनच. बसल्या आणि म्हणाल्या, "मसुदा वाच गा बी.ए."

मी वाचलं. 'ज्या व्यक्तीजवळ चोरीचा माल आढळेल तिचे छायाचित्र चौकातील पाटीवर लावण्यात येईल.'

"बरं लिहिलंस. मंग फोटोवाल्याले बोलवा. माल माझ्यापाशी आढळला, अंगावरच हाय. हिरालालशेठ साक्षीदार हायेत. पह्यला फोटो माझा. मी उभी राहू का बसू?"

कोणी हसलं नाही. बाई खरोखरच पदर नीट करत होत्या. मला माझ्या भाषेचा तोवर फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. त्या वाक्यात एकही पळवाट नव्हती. बाईंचाच फोटो लागत होता.

सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. हिरालालशेठनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मला त्या म्हातारीनं लग्नाला बोलावलं आहे."

"काय?"

"बुलाया है. मांडवात या म्हणाली. अरे, साऱ्या नागपूरची लग्नं माझ्या दुकानातल्या शालूंवर लागतात. आजवर एका गिऱ्हाइकानं बोलावलं नाही मला. त्या म्हातारीनं बोलावलं. मैं हो बोल के आया हूँ. आता तिच्या सुनेचा फोटो चौकात टांगून मी कोणत्या तोंडानं जेवायला बसू? तुम लोगों ने चाय नहीं पी उस घर की. मैंने पी है."

एक तरुण दुकानदार म्हणाला, "शेठजी, म्हणूनच म्हणत होतो, घरी जायलाच नको होतं."

"वही तो!" शेठ ओरडले. "या बाई चोराला सुधारायला नव्हत्या जात रे. हमको फँसाने को ले जाती थी!"

बाई पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "शेठले लवकर समजलं," माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या.

पाटीचा ठराव तिथेच निजला. लग्न झालं. हिरालालशेठ गेले, आणि वरपक्षानं आणलेल्या लुगड्यांना त्यांनी मांडवात अशी काही नावं ठेवली की उमरेडकर दबून गेले आणि म्हातारीचं समाधान झालं. यशोदेनं पुन्हा कधी हात मारला की नाही, मी छातीठोक सांगत नाही. आमच्या गल्लीत मारला नाही. बाईंनी मग तिला एका गिरणीत धान्य पाखडायच्या कामावर लावलं, तिथे ती मुकादमाशी भांडायची असं ऐकतो. ढीग कमी करा, एक घडी घाला मग दुसरी मोडा, हेही बाईंनी दुकानदारांना खूप सांगितलं. ते मात्र शेवटपर्यंत कोणी ऐकलं नाही. चोर सुधारणं त्या मानानं सोपं होतं.

मग छप्पन साल आलं. राज्यांची फेररचना झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं. सेक्रेटरिएटातल्या लोकांपैकी कोणाची भोपाळला तर कोणाची मुंबईला रवानगी झाली. बाईंच्या यजमानांच्या वाट्याला मुंबई आली. बाईंनी राजीनामा दिला, ट्रंका बांधल्या, तुळस शेजारणीला दिली. मी भेटायला गेलो तेव्हा यजमान वर्तमानपत्रं बांधत होते आणि बाई भिंतीवरचे खिळे काढत होत्या.

"मुंबईत म्हणे लोक एकमेकाच्या घरी जात नाहीत," त्या म्हणाल्या. "खरं काय गा?"

"असं ऐकलंय."

"मंग तिथं चोऱ्या लय होत असतीन." त्यांनी एक खिळा उपटला. "तुमचं इकडचं कोन पाहीन?"

मी म्हटलं, नवे मेंबर येतील. त्यांनी खिळा डब्यात टाकला आणि पुढचा उपटायला घेतला.

नवे मेंबर आले. भले होते, पण त्यांना पायी चालायची सवय नव्हती. पुढच्या लगनसराईत एक माणूस दुसऱ्या खेपेला सापडला. पंचेचाळिशीचा, पायात काही नाही, खांद्यावर घोंगडी, त्या घोंगडीत धोतराचं पान. हिरालालशेठनी दुकानातून मला हाक मारली. मी गेलो तर नोकर, गिऱ्हाइकं, शेजारचे दुकानदार सगळे गोळा झालेले. तो तरुण दुकानदारही होता. "आता बाई नाहीत," तो म्हणाला. "आता पाटीचं बघा."

"बी.ए., तू जातो का?" शेठनी विचारलं.

"मी कारकून आहे शेठजी. मेंबर नाही."

"मी दुकानदार आहे. मैं भी मेंबर नहीं. चल."

शेठनी टोपी घातली. मी त्या माणसाला विचारलं, "घर कुठं आहे भाऊ?"

"गाव नरखेडकडं. इथं नाही घर."

"मग राहता कुठं?"

"टेशनावर. कधी संत्र्याच्या बाजारात, पेट्यायजवळ."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. गर्दीही बघायला लागली. बाईंच्या योजनेत याची सोय नव्हती. पहिल्या खेपेला चहा, दुसऱ्या खेपेला घर. घर नसेल तर काय, ते कोणी विचारलंच नव्हतं, आणि मसुदा लिहिणाऱ्या मलाही सुचलं नव्हतं. तरुण दुकानदार पुटपुटला, "झालं. खलास योजना."

मी म्हटलं, "चला."

"कहाँ?" शेठनी विचारलं.

कुठे ते मलाही पुढच्या वळणावरच कळलं. उन्हातून आम्ही तिघे कोष्टीपुऱ्यात शिरलो. मागांचा खटखटाट सुरू झाला. तो माणूस दोनदा थांबला, मी दोनदा त्याच्यासाठी थांबलो. आमच्या दारात आई कांड्या भरत बसली होती. तिनं चरखा थांबवला. आधी शेठांच्या टोपीकडे बघितलं, मग त्या अनवाणी पायांकडे.

"कोन हायेत गा हे?"

मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. बी.ए.पर्यंत शिकवलेलं एकही वाक्य त्या जागी बसेना.

आईनं माझी वाट बघितली नाही. तिनं सूत बाजूला सारलं, घोंगडीवाल्यासाठी पाट मांडला आणि मला म्हणाली, "उन्हात उभे काहून केले त्यायले? पायावर पानी घाल त्यायच्या, मी भाकर टाकतो."